एजाज अस्लम: नट म्हणावा की शिंपी? (पाकिस्तानी मालिका आणि कपड्यांचे धंदे)

रविवारची_इस्त्री

मंडळी, डावा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, त्यामुळे हा रिकामटेकडा धागा. आधीच सांगते, म्हणजे कुणी 'तुम्हाला एवढा वेळ कसा मिळतो' विचारायला नको.

तीन आठवड्यांत 'चीख' संपवली (एआरवाय ही पाकिस्तानी वाहिनी, २०१९). मैत्रिणीचा खून होतो, खुनी निघतो सख्खा धाकटा दीर, आणि सून सासरच्याच माणसांविरुद्ध कंबर कसते. सबा कमर आणि बिलाल अब्बास यांच्याबद्दल सगळेच बोलतात. मी मात्र थोरल्या दिराकडे बघत बसले. घराचा कारभारी, धाकट्या भावाचं पाप पोटात घालणारा. आणि कपडे! खांद्याची शिवण बरोब्बर खांद्यावर. आमच्या ह्यांची शिवण दंडावर घरंगळलेली असते, म्हणून मला हे चटकन दिसतं.

नाव शोधलं तर एजाज अस्लम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मॉडेल, मग 'कशकोल' मालिकेतून टीव्हीवर, नंतर नायक, विनोदी, खलनायक, हल्ली थोरले भाऊ आणि नवरे. अधूनमधून निर्मिती. आणि या सगळ्याच्या जोडीला पुरुषांच्या कपड्यांचं स्वतःचं लेबल! म्हणजे तो खांदा उगाच नव्हता.

तर प्रश्न असा: तीसेक वर्षं दोन दगडांवर पाय ठेवून माणूस उभा कसा राहतो? (माझा एकाच दगडावरून घसरला.) आणि तिकडे असे बरेच दिसतात, नट-कम-डिझायनर, डिझायनर-कम-नट. असं का? हौस, गरज की हाव?

कापूसकोंड्या

पहिला! पाय लवकर बरा होवो.

खवचट_खारीक

'चीख'चा खुनी पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकल्याबद्दल आभार. आता मी काय बघू, खांद्याची शिवण?

रविवारची_इस्त्री

@खारीक, अहो खुनी सुरुवातीच्या भागांतच कळतो. पुढची सगळी मालिका ते सिद्ध करण्याची आहे. बघा निश्चिंत.

मीनल_शारजा

अय्या, एजाज अस्लम! आम्ही याला वेगळ्याच रूपात ओळखतो. २०११ च्या सुमारास जिओ टीव्ही या पाकिस्तानी वाहिनीवर रमजानात 'किस दिन मेरा वियाह होवेगा' नावाची विनोदी मालिका लागायची. फैसल कुरेशी आणि हा. लग्नासाठी हपापलेले, पंजाबी हेल काढून बोलणारे लोक, नुसता धुडगूस. शेजारच्या लाहोरी कुटुंबात इफ्तारनंतर सगळे टीव्हीपुढे, आणि आमच्याकडे भजी तळून झाली की मीही तिकडेच. त्यामुळे पुढे 'चीख'मध्ये हा गंभीर चेहऱ्याने आला तेव्हा पहिले दोन भाग मला हसूच येत होतं. या दोघांची जोडी एआरवायच्या 'मैं और तुम'मध्येही होती.

आता कपड्यांचं. दुबईत सतव्याला शिंप्यांच्या दुकानांची रांगच आहे. माझा मास्तर मूळ कराचीचा. दुकान एवढुसं, दोन मशिनं, कापडांचा ढीग, आणि वर कोपऱ्यात टीव्ही. आवाज बंद. मी एकदा विचारलं, आवाज बंद ठेवून मालिका कसली बघता? म्हणाला, "बाजी, कहानी तो घरवाली बता देती है, मैं सिर्फ गला देखता हूँ." बाजी म्हणजे ताई, आणि गला म्हणजे गळा! कोणत्या नटाच्या शेरवानीची पट्टी किती उंच, बटणं किती, हे तो बघतो. कारण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मोबाइलवर तोच फोटो घेऊन उभं राहतं.

तेव्हा इस्त्रीताई, तुम्ही एकट्या नाही.

आबा_काजंबटणं

मीनलताईंच्या मास्तरांना माझा नमस्कार सांगा. आमचे वडील चाळीस वर्षं शिंपीकाम करत होते, मी त्यातली शेवटची बारा त्यांच्या हाताखाली काढली.

शीर्षकाबद्दल एक तक्रार. शिंपी वेगळा, डिझायनर वेगळा. डिझायनर कागदावर काढतो, कापणारा मास्तर वेगळा, शिवणारा कारागीर वेगळा, काजं करणारा अजून वेगळा. तुमचा हा एजाज सुईत दोरा ओवत असेल असं मला वाटत नाही. पण त्यात त्याला कमीपणा नाही. नट असल्याचा फायदा वेगळ्याच ठिकाणी होतो. कपडा अंगात घालून उठलं, बसलं, हात वर केला की काय होतं ते त्याला कळतं. शेरवानीची सगळी परीक्षा मुंढ्यात, म्हणजे बाही अंगाला जोडते तिथे, असते. मुंढा खोल घेतला की उभं असताना झकास दिसतं आणि हार घालायला हात उचलला की अख्खी शेरवानी कानापर्यंत वर येते. लग्नाच्या अल्बमात निम्मे नवरदेव असेच दिसतात, कासवासारखे. जो माणूस कॅमेऱ्यापुढे दिवसाला दहा वेळा हात उचलतो त्याला हे सांगावं लागत नाही.

खवचट_खारीक

कासव!! माझ्या लग्नाचा अल्बम आत्ता काढून बघितला. आबा, तुम्ही माझा संसार मोडणार.

गोधडी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

झरा_मूळचा

मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटतं उत्तर पैशाच्या हिशेबात आहे.

आपल्याकडे डेली सोप एकदा चालली की दोन-तीन वर्षं चूल पेटती. तिकडची नेहमीची मालिका आठवड्याला एक किंवा दोन भाग, पंचवीस-तीस भागांत गोष्ट संपते. कथेसाठी उत्तम, नटासाठी नाही. तीन-चार महिने चित्रीकरण, मग पुढचं काम शोधा. शिवाय पुनःप्रक्षेपणाचं मानधन मिळत नाही ही तिथल्या कलाकारांची जुनी तक्रार. २०२१ मध्ये नायला जाफरी या ज्येष्ठ अभिनेत्रीने कर्करोगाच्या उपचारांदरम्यान रुग्णालयातून व्हिडिओ करून म्हटलं होतं की आमच्या जुन्या मालिका पुन्हा पुन्हा दाखवता, त्याची रॉयल्टी तरी द्या. त्याच वर्षी जुलैत त्या गेल्या. हे बघितल्यावर कोणता शहाणा नट फक्त अभिनयावर विसंबेल?

मग जोडधंदा कोणता? ज्या देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा कापड-कपड्यांचा, तिथे कापडाचाच. कापूस, गिरण्या, कारागीर सगळं हाताशी. आपल्याकडचे नट हॉटेल काढतात, तिकडचे दुकान काढतात.

तिरकी_ओळ

@झरा, बाकी अनुमोदन, पण आपल्याकडचे फक्त हॉटेल काढतात हे चूक. तेजस्विनी पंडित आणि अभिज्ञा भावे यांचं 'तेजाज्ञा' आहे, निवेदिता सराफ यांचं 'हंसगामिनी' साड्यांचं आहे, प्राजक्ता माळीने दागिन्यांचं 'प्राजक्तराज' काढलं. मराठी मुली मागे नाहीत. पुरुषच मागे आहेत! मराठी नटाचं कुर्त्याचं लेबल एक तरी पटकन आठवतंय का कुणाला?

कापूसकोंड्या

मराठी नटाला कुर्ता निर्माता देतो. मालिका संपली की तो घरी नेतो. लेबल कशाला हवं?

कपडेपट

@कापूसकोंड्या, घरी नेत नाहीत हो. मोजून घेतो आम्ही!

मालिकांच्या कपडेपटात मी नऊ वर्षं काम केलंय, म्हणून दोन शब्द. नायिकेच्या साड्या, ब्लाउज, दागिने यासाठी बैठका होतात. सासूच्या नथीसाठीसुद्धा होतात. पुरुषांच्या वाट्याला काय? 'दोन ब्लेझर, सहा शर्ट, एक कुर्ता सणाचा.' संपलं. सणाचा तो कुर्ता गणपतीला, दिवाळीला, पाडव्याला तोच. वरून जॅकेट बदलायचं. मोठ्या भावाचं काम करणारे एक सिनियर सर स्वतःचे शर्ट घेऊन यायचे, कारण आमचे त्यांच्या पोटावर ताणायचे. मी रोज त्यांचा फोटो काढून ठेवायची. सीन अर्धा आज आणि अर्धा चार दिवसांनी असला की बाही किती दुमडली होती तेही जुळावं लागतं. एकदा त्यांनी तो शर्ट घरी धुवायला टाकला आणि त्यावर गुलाबी रंग चढवून आणला. दाराबाहेर निळ्या शर्टात रागावलेला माणूस दार उघडून आत आला तो जांभळट. प्रेक्षकांनी पकडलंच.

तर ज्या नटाचं स्वतःचंच दुकान आहे तो माणूस कपडेपटासाठी देवमाणूस. माप माहीत, जोड तयार, आणि पडद्यावर त्याची जाहिरात फुकट. दोघांचंही भलं.

रविवारची_इस्त्री

@कपडेपट, जांभळट!! 😂 आणि हा दुहेरी फायद्याचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मालिका हेच शोरूम.

व्हीसीआर_काका

आज शोधलेलं काही नाही यात. ऐंशीच्या दशकात मुंबईत व्हिडिओ लायब्ररीतून पाकिस्तानी मालिकांच्या कॅसेटी आणायचो. 'तनहाइयाँ', 'धूप किनारे'. पाच-सहा कॅसेटींचा संच, शनिवारी रात्री सुरू, सोमवारी सकाळी परत. आमची मोठी बहीण मात्र मध्येच 'थांबव, थांबव' करायची आणि पॉज करून सलवार-कमीझचा गळा वहीत उतरवून घ्यायची. पॉज केल्यावर पडद्यावर त्या पांढऱ्या रेघा यायच्या, त्या चुकवून! त्या काळात तिकडे तनवीर जमशेद यांचं 'टीजेज' हे नाव होतं. तयार सलवार-कमीझ फॅशन म्हणून विकायची सुरुवात करणाऱ्यांतले ते, आणि पीटीव्ही या तिथल्या सरकारी वाहिनीच्या मालिकांनाही त्यांचे कपडे असायचे.

लक्षात घ्या, हा झिया उल हक यांचा काळ. पडद्यावर बाईच्या डोक्यावर दुपट्टा हवा असा हुकूम होता. महताब राशदी (तेव्हा चन्ना) या निवेदिकेने नकार दिला आणि टीव्ही सोडला. म्हणजे तिथे टीव्हीवरचा कपडा ही गोष्ट तेव्हापासूनच साधी नाही.

नीलाक्षी_म

काका, तुमच्या बहिणीची ती वही अजून आहे का? फोटो टाका ना.

व्हीसीआर_काका

वही आहे. बहीण देत नाही.

शिस्तप्रिय

सीमेवर काय चाललंय आणि इथे शत्रुराष्ट्राच्या नटांचे कुर्ते मोजताय. धन्य.

गोधडी

आलेच. 🍿

सिंधुकाठची

@शिस्तप्रिय, तुमचा राग कळतो. पण माझ्यासाठी तो देश म्हणजे फक्त बातमी नाही. मी उल्हासनगरची, सिंधी. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासित म्हणून आमचे आजोबा-आजी आले. माझं शिक्षण मराठी शेजारात, लिहिते मराठीत, भांडते तर मराठीतच.

आणि नट-कम-डिझायनरचा विषय निघालाय तर दीपक परवानी यांचं नाव अजून कसं नाही आलं? कराचीचे मोठे फॅशन डिझायनर, हिंदू सिंधी. सुरुवात पुरुषांच्या कपड्यांपासून, मग बायकांचे. टीव्ही मालिकांत कामंही केली. लक्स स्टाइल अवॉर्ड्स हे तिकडचे पुरस्कार अनेकदा मिळाले, चीन आणि मलेशियात पाकिस्तानचे सांस्कृतिक दूत म्हणून गेले, जगातल्या सर्वांत मोठ्या कुर्त्यासाठी गिनीज बुकात नाव. माझी आजी टीव्हीवर तो कुर्ता बघून म्हणाली होती, "धुवायचा कुणी?"

आमच्या घरात या माणसाबद्दल एक वेगळंच कौतुक आहे. ज्यांचे आजोबा निघून आले ते आम्ही, आणि ज्यांचे राहिले ते हे. तिथे राहून, ते आडनाव दारावर लावून, दुकान उभं केलं. आजी त्यांचा फोटो दिसला की आधी आडनाव वाचायची. 'नी'-'णी'वर संपणारं आडनाव दिसलं की तिचा चेहराच बदलायचा. परवानी, आडवाणी, काही असो.

शिस्तप्रिय

@सिंधुकाठची, तुमच्या आजींना नमस्कार. माझं मत तेच आहे पण तुमचा प्रतिसाद आवडला.

खवचट_खारीक

परवानींबद्दल असंही वाचलंय की २०१४ मध्ये बल्गेरियन फॅशन अवॉर्ड्समध्ये ते 'जगातले सहाव्या क्रमांकाचे डिझायनर' ठरले. आता मला सांगा, पहिले पाच कोण? आणि पॅरिस-मिलान सोडून जगाची गुणपत्रिका बल्गेरियाच्या सोफियात कधीपासून निघायला लागली?

सिंधुकाठची

@खारीक, हसा. मला स्वतःलाही तो किताब जरा जास्त वाटतो. पण माणसाचं काम त्याच्या बाहेर उभं आहे.

नाना_नकाशे

अवांतर, पण राहवत नाही. कराची आणि आपण यांचा संबंध परका नाही. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराचीतली एनजेव्ही शाळा ज्यांच्या नावाने आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ, तिथले शिक्षणाधिकारी. १८५० च्या दशकात सिंधीची आजची अरबी वळणाची लिपी ठरली त्या कामातही ते होते. शाळा १८५५ ची, आणि नाव अजून तेच. आजही थोडी मराठी कुटुंबं कराचीत आहेत. दादरहून...

संपादक

नाना, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, आणि चांगला आहे. जरूर काढा. इथे कपड्यांवर या.

नाना_नकाशे

बरं. वैद्य कोणते कपडे घालत हे मला माहीत नाही.

गोधडी

नानांना आजचा पुरस्कार.

झरा_मूळचा

धाग्याला परत कापडाकडे नेतो. दोन जाती वेगळ्या करा. एक, आधी नट मग कपडे: एजाज अस्लम, माहिरा खानचं 'एम बाय माहिरा', उर्वा आणि मावरा होकेन या बहिणींचं लेबल. दोन, आधी डिझायनर मग नट: परवानी आणि एचएसवाय, म्हणजे हसन शहरयार यासीन. हा दुसरा तर लग्नाच्या भरजरी कपड्यांतला दादा माणूस, टीव्हीवर गप्पांचा कार्यक्रमही चालवायचा, आणि २०२१ मध्ये एआरवायच्या 'पहली सी मुहब्बत'मधून नट झाला. पुढच्या वर्षी 'इशरत मेड इन चायना' या सिनेमात.

तिसरी जात म्हणजे जुनैद जमशेद. तो नट नाही, गायक. 'दिल दिल पाकिस्तान' गाणारा पॉपस्टार. २००२ मध्ये कपड्यांचं 'जे डॉट' सुरू केलं, पुढे गाणं सोडून धर्माकडे वळला. २०१६ च्या डिसेंबरात विमान अपघातात गेला, पण दुकानं चालूच आहेत. गाणं सोडलं तरी कुर्ता सुटला नाही.

तिरकी_ओळ

@झरा, माहिरा आणि होकेन भगिनींना एजाजच्या ओळीत बसवू नका. बायकांच्या कपड्यांचं तिथलं गणित म्हणजे लॉन. फेब्रुवारी-मार्च आला की उन्हाळ्यासाठी पातळ सुती लॉनचे न शिवलेले तीन कपड्यांचे संच बाजारात येतात, रस्तोरस्ती नट्यांचे फलक, दुकानांत झुंबड. तिथे नटीचा चेहरा हाच माल. पुरुषांत असा 'सीझन' नाही. ईद आणि लग्नसराई, एवढंच. त्यामुळे पुरुषांचं लेबल चेहऱ्यावर चालत नाही, मापावर चालतं. नवरदेव फोटो बघून दुकानात येईल, पण खांदा बसला नाही तर धाकट्या भावाला घेऊन परत यायचा नाही.

म्हणून मला एजाजचं कौतुक जास्त वाटतं.

आबा_काजंबटणं

तिरकी_ओळ यांना शंभर गुण. आमच्या वडिलांचं वाक्य होतं: "पहिलं गिऱ्हाईक नवरदेव, दुसरं त्याचा मेहुणा. मेहुणा आला नाही तर समज, बाही चुकली."

मीनल_शारजा

इस्त्रीताई, 'नंद' बघितलीत का? एआरवाय, २०२०. भाग शंभराच्या वर, आपल्यासारखी लांबलचक. त्यात कजाग नणंद गोहर, आणि हा तिचा सोसणारा नवरा जहांगीर. गंमत म्हणजे मध्येच गोहरचं काम करणारी फैजा हसन गेली आणि जवेरिया सौद आली. म्हणजे नवरा तोच, बायको बदलली, आणि हा पठ्ठ्या चेहऱ्यावर काही न दाखवता तिच्याशी आधीसारखाच दबकून बोलतोय! याला म्हणतात अभिनय.

खवचट_खारीक

बायकोचा चेहरा बदललाय हे नवऱ्याच्या लक्षात न येणं याला आमच्या घरी अभिनय म्हणत नाहीत.

कपडेपट

@मीनल, आणि नव्या गोहरला जुन्या गोहरचे कपडे बसले नसतील. त्या कपडेपटातल्या मुलीसाठी मला वाईट वाटतंय. शंभर भागांचं कपाट रातोरात नव्याने!

घाटावरचा

सगळं वाचलं. एक विरोधी सूर. मला हा माणूस नट म्हणून मधल्या फळीतला वाटतो. वाईट नाही, पण दोन मालिकांनंतर पुन्हा शोधून बघावा असाही नाही. फैसल कुरेशीसमोर तर तो नेहमी अर्धं पाऊल मागे दिसतो. दुसऱ्या दगडावर पाय ठेवला की असंच होतं. डोक्यात दुकानाचं भाडं असेल तर संवाद कुठून येणार?

रविवारची_इस्त्री

@घाटावरचा, हे मला पटत नाही, पण पूर्ण खोडताही येत नाही. अर्धं पाऊल मागे दिसतो हे खरं. पण ते अर्धं पाऊल मागे राहणं हेच 'चीख'मध्ये कामाला आलंय की! घरातला कर्ता, सगळं माहीत असलेला, दारात उभा. सबा कमर किंचाळते, बिलाल अब्बास डोळे फिरवतो, आणि हा नुसता उभा असतो. तिथे तिसरा ओरडणारा नको होता. आणि असंही आहे, की ज्याला घर चालवायला प्रत्येक भूमिका घ्यावी लागत नाही तोच थोरल्या भावाचं काम आनंदाने करतो. नायक म्हणून मिरवलेल्या कितीतरी नटांना पन्नाशीत ते जमत नाही. रंगवलेले केस घेऊन कॉलेजात जातात.

घाटावरचा

केसांचा मुद्दा मान्य. बाकी आपापलं मत.

नीलाक्षी_म

मी २०१४ च्या जूनपासून 'जिंदगी' वाहिनीवर या मालिका बघायला लागले. सासूबाई आणि मी, दोघी. २०१६ च्या सप्टेंबरात उरीनंतर वाहिनीने त्या बंद केल्या. सासूबाईंना उर्दू शब्द कळायचे नाहीत, पण 'यांच्यात साड्या नाहीत तरी बायका भरल्या घरातल्या दिसतात' म्हणायच्या. त्यांनी पंचाहत्तराव्या वर्षी पहिला सलवार-कमीझ शिवला तो त्यातलाच बघून. बाही कोपराखाली चार बोटं. दोनदाच घातला, तोही घरात.

कापूसकोंड्या

धागा वर काढतोय. २०२५चा मे महिना आला, तिकडच्या मनोरंजन वाहिन्यांची यूट्यूब पानंही आता इथे उघडत नाहीत. ८ मेच्या सरकारी सूचनेनंतर तिकडच्या मालिका ओटीटीवरूनही गेल्या. इस्त्रीताईंनी वेळेत 'चीख' संपवली.

शिस्तप्रिय

पहलगामनंतर हे व्हायलाच हवं होतं. यावर वाद नको.

संपादक

वाद नकोच. मतं नोंदवली गेली आहेत. विषयाला धरून लिहा.

सिंधुकाठची

मी काही लिहीत नाही. आजी असती तर म्हणाली असती, परत बंद झालं का?

रविवारची_इस्त्री

मंडळी, प्लॅस्टर निघालं. पाय काडीसारखा झालाय. पण बातमी ती नाही.

मीनल गेल्या आठवड्यात सुट्टीवर आली होती. धाग्यावर ओळख, प्रत्यक्षात पहिल्यांदा भेटलो. तिने माझ्याकडून ह्यांची मापं मागवून घेतली होती, आणि सतव्याच्या त्या मास्तरांकडून कुर्ता शिवून आणला! करड्या रंगाचा, उभी पट्टी, पुढे सात बटणं. मास्तरांनी निरोप पाठवलाय, 'आवाज बंद करून बघणाऱ्या दुसऱ्या बाजीला सलाम.'

खांद्याची शिवण खांद्यावर!! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ह्यांना खांदे आहेत हे मला आत्ता कळलं. ह्यांनी आरशात बघून पहिलं वाक्य काय म्हणावं? "हा बाहेर घालायचा की इस्त्री करून ठेवायचा?"

एकच अडचण. बाही अंगठ्याच्या मधल्या पेरापर्यंत येतेय. माप मीच चुकीचं दिलं असणार. इथल्या शिंप्याकडे न्यायची भीती वाटते. आबा, काय करू?

मीनल_शारजा

मास्तरांना सांगू नका हं बाही लांब झाली म्हणून. त्यांच्या जिवाला लागेल.

आबा_काजंबटणं

मनगटाकडून कापू देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. बाही खाली निमुळती होत जाते. तिथून दोन इंच घेतले की हात निघणार नाही, आणि काजाची जागाही जाईल. मुंढ्यापासून बाही उसवून वरून घ्यायची. काम वाढतं, म्हणून शिंपी टाळाटाळ करेल. दुसऱ्याकडे जा.

आणि आधी एक करा. कुर्ता उलटा करून काजाची मागची बाजू बघा. कडेला बारीक गाठींची ओळ असेल तर ते हाताचं काज आहे. तसं असेल तर फोटो टाका. बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही.